मंजुरी आधी, अर्ज नंतर

रूथताई, तुझी फाइल काल माझ्याकडे आली. शेरॉनने ती कापडी पिशवीत घालून, वर तुझी जुनी शाल टाकून आणली आणि दारातच म्हणाली, "वसुधामावशी, ये तुम्हीच ठेवा. मम्मीने सांगितलं होतं, फाइल वसूकडेच जाणार. और मला मराठी इतकी फास्ट वाचता नाही येत." मी पिशवी घेतली. तिला चहा दिला, तिने अर्धा घेतला, आणि मग आम्ही दोघी तुला सोडून बाकी सगळ्या गोष्टींबद्दल बोलत बसलो. मेट्रोतली गर्दी, तिची उरलेली रजा, तुझ्या कुंडीतला कढीपत्ता कोण नेणार. शेवटी कढीपत्ता मी नेणार असं ठरलं.

तुला मातीत ठेवून आज नऊ दिवस झाले. तू कुठे जन्मलीस, कुठल्या खात्यात किती वर्षं अनुवाद केलेस, हे तुझ्या पाळकांनी उपासनेत सांगितलं आणि चांगलं सांगितलं. मी त्यासाठी बसलेली नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी तू असताना सांगितली नाही. तुझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण माझ्या हातून गेलं. जे मी टाइप करून तुला आणून दिलं ते नव्हे; जे द्यायला हवं होतं ते. हे एवढं लिहायला मला नऊ दिवस लागले, आणि त्याआधी सहा गुरुवार मिळाले होते ते मी वाया घालवले.

पण सुरुवातीपासून सांगू दे. तुला माहीत असलेलंच सांगणार आहे, ऐकून घे. माझं बोलणं मध्येच तोडायची सवय आता तरी सोड.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तू आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलीस तेव्हा शेरॉन चौथीत होती आणि तुझे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. जिन्यात भेटलीस तेव्हा मी सवयीने "नमस्ते जी" म्हटलं, आणि तू म्हणालीस, "सलाम. तुमच्या घरातून फोडणीचा वास आला तेव्हाच कळलं, मराठी आहात." तो सलाम ऐकून मला क्षणभर कळेना, ही बाई कोण. नगरकडच्या ख्रिस्ती माणसांत सलामच करतात, हे तू मला दुसऱ्या दिवशी नाताळचे शंकरपाळे देता देता सांगितलंस. ते शंकरपाळे दाताने तुटत नव्हते. मी ते चहात बुडवून बुडवून खाल्ले आणि वर येऊन "अगदी खुसखुशीत" असं सांगितलं. मी तुला मारलेली ती पहिली थाप. तू ती तेव्हाच ओळखली होतीस, हे पुढे दर नाताळात सगळ्यांसमोर सांगायचीस.

ऑफिसही एकाच इमारतीत निघालं. तू अनुवादक, मी तेव्हा असिस्टंट, पुढे सेक्शन ऑफिसर. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत अख्खं ऑफिस हिरवळीवर उन्हात उतरायचं. बायका विणायच्या, शेंगदाणे सोलायच्या, किन्नू संत्री खायच्या. तू मांडीवर फाइल घेऊन लिहीत बसायचीस. मला वाटायचं, बिचारी राहिलेलं काम उरकतेय. एकदा वाकून बघितलं तर हिरव्या नोटशीटवर तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'निर्मलाने सॅम्युएलच्या हातातली किल्ली घेतली, पण हात मागे घेतला नाही.'

"रूथताई! सरकारी फाइलवर हे काय?"

"फाइल माझी आहे. दुकानातून आणलीय. आतला शिक्का बघ."

मी खरंच शिक्का बघितला. मग तू मला समजावलंस. सरकारी फाइलला दोन बाजू असतात. डावीकडे नोटिंग, म्हणजे आज आपण काय म्हणतो आहोत. उजवीकडे पत्रव्यवहार, म्हणजे आधी काय काय घडलं त्याचे कागद. डावीकडे एक ओळ लिहायची तरी उजवीकडच्या कागदावर बोट ठेवून लिहावी लागते. अशा फाइलींत माझा जन्म गेला, पण तिच्यात कादंबरी लिहिता येईल हे माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. तू डावीकडे आजची गोष्ट लिहीत होतीस आणि उजवीकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली. वर नाव घातलं होतंस, 'रिजवरची सकाळ'.

उजवीकडे होती तबिथा. म्हणजे तुझी दीनामावशी, नगरहून दिल्लीला आलेली नर्स, रिजच्या टेकडीच्या पायथ्याशी निर्वासितांच्या तंबूंतून हिंडणारी. ती गेल्यावर तुझ्या वाट्याला तिची प्रार्थनेची वही आली. रोज संध्याकाळी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं ती तारीख घालून त्यात लिहायची: तापाचे पेशंट, बाळंतिणी, मेट्रन, नगरची भावंडं. आणि रोज, तीस वर्षं, शेवटचं नाव यशवंत. आडनाव नाही, गाव नाही. तुमच्या नात्यात यशवंत नावाचं कुणी नव्हतं. मावशीने लग्न केलं नाही आणि त्या नावाबद्दल ती कधी बोलली नाही.

त्या एका नावावर तू कादंबरी उभी केलीस. तुझा यशवंत ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, पुनर्वसन खात्यातला कारकून. छावणीत रेशनच्या याद्या करता करता तो तबिथाच्या प्रेमात पडतो आणि वचन देतो, की ईस्टरच्या पहाटे मंडळी रिजवर प्रार्थनेला जमतील तेव्हा मी येईन आणि सगळ्यांदेखत पाळकांजवळ तुला मागणी घालीन. पहाट होते, गाणी होतात, ऊन येतं. तो येत नाही. आणि डावीकडे आजची निर्मला, सरकारी अनुवादक, चाळिशी ओलांडलेली विधवा. तिला ती वही सापडते, आणि चर्चची जुनी रजिस्टरं सांभाळणाऱ्या, ऑर्गन वाजवणाऱ्या सॅम्युएलला बरोबर घेऊन ती त्या यशवंतचा माग काढते. निर्मला म्हणजे तूच. फक्त तिला तू चार इंच उंच केलंस आणि तिच्या करंज्या तेलात फुटत नव्हत्या.

"सॅम्युएल कोण गं?" मी विचारायची.

"कल्पना आहे, वसू. कादंबरी आहे ना ती?"

"अच्छा. कल्पनेला ऑर्गन वाजवता येतो, वा."

तू लाल व्हायचीस आणि घाईघाईने किन्नू सोलायला घ्यायचीस. तुझ्या दफनाच्या दिवशी मागे एक उंच गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. सगळे गेल्यावरही उभे होते. मी काही विचारलं नाही, बघ किती सुधारले.

आठवतं, एका जानेवारीत आपण अर्धी रजा टाकून कश्मीरी गेटच्या जुन्या कबरस्तानात मावशीचा दगड शोधायला गेलो? धुकं इतकं होतं की दगडांवरची नावं हाताने चाचपावी लागत होती. तिथला म्हातारा चौकीदार कांबळं पांघरून पुढे आला. "किसको ढूँढ रहे हो जी? आपकी कौन लगती थीं?" तू पुढचा दगड चाचपत होतीस. मीच म्हटलं, "हमारी मौसी थीं." त्याने माझी टिकली बघितली, मंगळसूत्र बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "दोनों की? अच्छा, चलो." आणि थेट दगडापाशी नेलंन् त्याने. तू दगड धुतलास, मी गवत उपटलं. नावाखाली मराठीत एकच ओळ होती: 'तिने नावे लक्षात ठेवली.' ती कुणी कोरून घेतली होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर कठड्यावर बसून आपण थालीपीठ खाल्लं. इथे खाल्लेलं चालतं का, असं मी घाबरत विचारलं, तर तू म्हणालीस, "मावशी नर्स होती. उपाशी माणूस तिला चालायचा नाही." घरी कधी इतकं चवीने थालीपीठ खाल्लेलं मला आठवत नाही.

आणि मग आपलं भांडण. ते त्याच कठड्यावर सुरू झालं आणि पुढे वीस वर्षं चाललं. यशवंत का आला नाही? मी तुला कारणांची यादीच दिली. त्याला टायफॉइड झाला. त्याची नागपूरला बदली झाली. बापाने कोंडून घातलं. छावणीच्या रस्त्यावर अपघात झाला. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस.

"तो घाबरला, वसू. एवढंच. घाबरला, घरी गेला, घरच्यांनी सांगितलं तिथे लग्न केलं."

"मग शेवटी त्याला आण. म्हातारा होऊन येऊ दे, काठी टेकत. तिच्या दारात उभा राहून माफी मागू दे. मग करू दे तिला माफ."

"आणि नाही आला तर?"

"तर माफी कसली? अर्जच नाही तर मंजुरी कशावर द्यायची?"

"तुमच्या सेक्शनमध्ये तसं असेल. आमच्यात मंजुरी आधी होते. अर्ज मागून येतो. कधीकधी येतच नाही."

"मग तुमच्या देवावर ऑडिटचा आक्षेप येणार, सांगून ठेवते."

तू हसलीस, इतकी की पलीकडच्या कबरीजवळ झाडत असलेल्या चौकीदाराने वर बघितलं. पण माझं म्हणणं मी सोडलं नाही आणि तुझं तू. आमचे हे म्हणायचे, "या दोघी कादंबरी लिहीत नाहीत, केस लढतात." पुढे रिटायर होऊन मी फरीदाबादला आले आणि तू शेरॉनकडे, रिजच्या पायथ्याशी, तरी दर गुरुवारी मेट्रोने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येऊन मी तेच भांडण करायची.

मी इतकी का भांडत होते, ते आपल्या दोघींना ठाऊक होतं. आई हिंदूरावला ॲडमिट होती ते सोळा दिवस दादा पुण्याहून आला नाही. तू रोज ऑफिस सुटल्यावर पेजेचा डबा घेऊन दोन बसेस बदलत यायचीस. आईला भरवायचीस, मला बाहेर बाकावर अर्धा तास झोपायला लावायचीस. दादा आला तो दहाव्याला, आणि 'चुकलं' असा एक शब्द बोलला नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. तू मला त्यावरून कधी उपदेश केला नाहीस, आणि त्याबद्दल तुझे आभार कसे मानू? तू फक्त तबिथाची पुढची प्रकरणं लिहीत राहिलीस आणि वाचायला मला देत राहिलीस.

आता त्या शेवटच्या प्रकरणाचं.

कामाची पद्धत माझीच. तू प्रत्येक प्रकरण आधी कच्चं लिहायचीस, मग पक्कं. दोन प्रती फाइलवर राहिल्या की घोटाळा होतो, हे मी नोकरीत आयुष्यभर बघितलेलं. म्हणून माझा नियम: पक्की प्रत आली की कच्ची ताडून बघायची आणि फाडून टाकायची. "तूच फाड बाई, माझ्याने होत नाही," असं तू म्हणायचीस. तीस प्रकरणं मी अशीच टाइप केली. आजची डावीकडे लावली, तेव्हाची उजवीकडे, पाननंबर घातले, टॅग बांधला.

एकतिसावं मात्र दोन्ही काळांचं होतं. निर्मला ईस्टरच्या पहाटे रिजवर त्याच पायरीवर जाऊन बसते जिथे तबिथा उभी होती. ते डावीकडे लावायचं की उजवीकडे, यावर आपला एक अख्खा गुरुवार गेला. शेवटी तू म्हणालीस, "कुठेच नको लावू. सुटं राहू दे." सुटे कागद मला पहिल्यापासून आवडत नाहीत, पण तुझ्या तोंडाकडे बघून ऐकलं.

मग तुझा हात थरथरायला लागला, तू आजारी पडलीस. शेरॉन फरीदाबादला काही कामाने आली होती तेव्हा तिच्याबरोबर तू एकतिसाव्याचे दोन गठ्ठे पाठवलेस आणि फोनवर म्हणालीस, "दोन्ही आहेत गं. बघ." एका गठ्ठ्याचं अक्षर गोल, सुबक, एक खाडाखोड नाही. दुसऱ्यात ओळी खाली उतरत गेलेल्या, शब्दांवर शब्द, समासात बाण. मी सेक्शन ऑफिसर. सुबक ती पक्की, खरडलेली ती कच्ची. चार तुकडे केले आणि सकाळी कबाडीवाल्याला पेपरच्या रद्दीबरोबर दिले. तीस वेळा ताडून बघितलं होतं, एकतिसाव्या वेळी बघितलं नाही.

दुपारी टाइप करायला बसले. पायरीवर तबिथा, म्हातारी झालेली. खालून काठीचा आवाज. यशवंत येतो. माफी मागतो. ती हात पुढे करते. रूथताई, मला काय आनंद झाला! वीस वर्षांनी तू हरलीस, असं मी कॉम्प्युटरसमोर मोठ्याने म्हणाले. एका बैठकीत सगळं टाइप केलं, आणि शेवटचं पान उलटलं तर मागे कोपऱ्यात तारीख होती. मागच्या वर्षीची, तुझा हात चांगला असतानाची.

तेव्हा कळलं. माझा शेवट तू आधी लिहून बघितला होतास. कदाचित मला खूश करायला, कदाचित माझं म्हणणं खरंच पटतंय का ते अजमावायला. आणि मग त्या थरथरत्या हाताने, एक एक ओळ ओढत, स्वतःचा लिहिला होतास. तो मी फाडला होता. मी तशीच चप्पल घालून खाली धावले. कबाडीवाला केव्हाच गेला होता. गेटवरचा गार्ड म्हणाला, "मैडम, वो तो सुबह ही माल उठा ले गया."

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. जिना चढून परत येताना मला थोडं हायसंही वाटलं. माझा शेवट राहिला होता, आणि त्यासाठी मला काही करावं लागलं नव्हतं. याची मला फाडल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

त्या गुरुवारी टाइप केलेलं प्रकरण घेऊन आले. तू उशीला टेकून बसलीस, चष्मा लावलास, आणि शेवटपर्यंत सावकाश वाचलंस. मी खिडकीतून खाली उभ्या केलेल्या स्कूटर्स बघत होते.

"टायपिंगची एकही चूक नाही," तू म्हणालीस.

"आणि शेवट?"

"शेवट तुझ्या मनासारखा झालाय."

मी त्याचा मला सोयीचा अर्थ घेतला. तेवढ्यात शेरॉन चहा घेऊन आली. पुढच्या गुरुवारी ठरवून आले की आज सांगायचंच, तर दारातच शेरॉन म्हणाली, "डॉक्टरने बोला है, मम्मीला टेन्शन बिल्कुल नको." मला तेच हवं होतं. पुढे प्रत्येक गुरुवारी मी त्या डॉक्टरच्या आड लपले. प्रत्येक गुरुवारी मी खुर्चीत टेकायच्या आत चहा यायचा, आलं भरपूर घातलेला, जसा मला लागतो तसा. शेरॉनच्या घरी कुणी आलं घालत नाही, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या गुरुवारी तू माझा हात धरून विचारलंस, "वसू, काही सांगायचंय का?"

"छे गं. मेट्रोला आज फार गर्दी होती, दमले जरा."

"बस मग. चहा घे."

सोमवारी शेरॉनचा फोन आला.

इथवर लिहून मी उठले, रूथताई. कुकर लावला. परत आले आणि फाइल उघडली. काल आल्यापासून ती मी उघडली नव्हती. दोन्ही बाजू माझ्याच हातच्या लावलेल्या, पान न् पान माहीत, तरी डावीकडून उघडली. निर्मलाचं शेवटचं प्रकरण संपतं त्याच्यामागे एक हिरवी नोटशीट होती, जी मी लावलेली नव्हती. पाननंबरही नाही. ओळी खाली उतरत गेलेल्या. तारीख त्या पहिल्या गुरुवारची. तुझ्या अक्षरातलं जसंच्या तसं उतरवते:

'प्रकरण ३१ (सुटे). टाइप केलेली प्रत पाहिली. ती जुन्या मसुद्यावरून झाली आहे. नवा मसुदा वसूकडून सवयीने फाडला गेला असावा. चूक माझी, वर लिहायला हवे होते. तिला विचारू नये. सांगेल तेव्हा सांगेल. ती येईल त्या प्रत्येक गुरुवारी आधी चहा द्यावा, आले जास्त. तिने सांगितले नाही तरी द्यावा. शेवट कोणता ठेवायचा ते वसूने ठरवावे, तिला दोन्ही पाठ आहेत. मंजूर. रूथ.'

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कळलं नाही. यांनी येऊन गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि शेजारी बसले.

म्हणजे सहा गुरुवार तुला माहीत होतं. मी मेट्रोची गर्दी सांगत होते, गुडघे सांगत होते, फरीदाबादच्या धुळीला नावं ठेवत होते, आणि तू ऐकत होतीस, आणि आलं घातलेला चहा येत होता. मला वाटत होतं मी तुला जपतेय. तू विचारलंस तेसुद्धा एकदाच, अगदी शेवटी, आणि मी नाही म्हटल्यावर लगेच सोडून दिलंस. राग येतो तुझा. मला तुझ्यासमोर रडायची संधी दिली नाहीस. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, आयुष्यात माझ्यावर एवढा जीव कुणी लावला होता? पेजेचा डबा घेऊन दोन बसेस बदलणारी तू, आणि मरायला टेकलेली असताना माझी लाज राखायला नोटिंग लिहिणारी तू. मला देवाधर्मातलं फार कळत नाही. पण तू मला भेटलीस, तीही माझ्याच जिन्यात, याबद्दल कुणाचे तरी आभार मानायला हवेत, आणि ते मी आज मानले. तुझ्या पद्धतीने, डोळे मिटून. शब्द मात्र माझेच होते.

शेवट ठरवला. तू बरोबर लिहिलं होतंस, मला दोन्ही पाठ आहेत. वीस वर्षं माझ्याशी भांडताना तू तो ओळ न् ओळ सांगितलास, मी फक्त नाही म्हणत राहिले. आज दुपारी टाइप केला. पहाट होते. निर्मला पायरीवर बसलेली आहे, सॅम्युएल तिच्या एक पायरी खाली. वर कुणीही चढून येत नाही. ऊन आल्यावर ती मावशीची वही उघडते आणि त्या जुन्या ईस्टरच्या रविवारचं पान काढते, ज्या दिवशी तो आला नव्हता. तापाचे पेशंट, दोन बाळंतिणी, मेट्रन, नगरची भावंडं. आणि सगळ्यांच्या खाली, पहिल्यांदाच, त्याच संध्याकाळच्या शाईत: यशवंत. तिने त्याच दिवशी लिहिलं होतं. संपलं. काठी नाही, माफी नाही. तुझे शब्द जसेच्या तसे नसतील. जिथे तू एक शब्द वापरला असतास तिथे मी तीन वापरले आहेत. पण शेवट तुझा आहे, आणि छापायला तोच जाईल. माझा शेवट मी फाडला, चार तुकडे करून. या वेळी आधी नीट ताडून बघितलं.

दादाचं काय, असं तू आता विचारशील. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. एका वेळी एकच फाइल, रूथताई, एवढी सवलत दे.

एकतिसावं प्रकरण सुटंच ठेवलं आहे, तू सांगितलं होतंस तसं. आता लिहिलेली ही पानं मात्र उजवीकडे लावली, नंबर घातला, टॅग बांधला. मग डावीकडे आले. तुझ्या सहीखाली तू चार बोटं जागा सोडली आहेस, जशी खालच्याने सही करावी म्हणून वरचा सोडतो. तिथे मी लिहिलं:

पाहिले. अर्ज सोबत जोडला आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.

वसुधा